उजव्या हाताची गाठ

पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नागरिक समितीच्या बाईंपुढे एका पोलीस अधिकाऱ्याची गोपनीय फाइल ठेवताना दफ्तरखान्यातल्या कारकुनाचा हात थबकला. तो डावखुरा होता; तीस वर्षे इथल्या प्रत्येक फाइलीची फीत त्यानेच बांधली होती, पण ही गाठ उजव्या हाताची होती. बाईंनी पाने उलटून चष्मा काढला. “एकही तक्रार नाही हो यात. बाहेर बसलेल्या त्या आईला काय सांगू?” या अधिकाऱ्याने मुलाला कोठडीत केलेल्या मारहाणीविषयी त्या आईने दिलेल्या तिन्ही तक्रारी कारकुनाने स्वतः फाइलला लावल्या होत्या. त्याच्या निवृत्तीला महिना उरला होता. “हाताची घडी, तोंडावर बोट,” दफ्तरखान्याचे साहेब सकाळीच त्याला हसत म्हणाले होते. बाई उठल्या. काचेपलीकडे ती आईही लगबगीने उठली. कारकुनाने हाताची घडी सोडली. “बसा, बाई,” तो म्हणाला. “ही गाठ माझी नाही. तिन्ही तारखा सांगतो, लिहून घ्या.”