पहिल्या दिवसाचा फोटो

दगडखाणीचा संप सुरू झाला, त्या दिवशी फोटोग्राफर मतीननं संपाच्या मंडपात सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो काढला होता. महिन्याभरानं मालकानं नव्या भरतीचे फॉर्म काढले आणि तीच माणसं एकेक करून मतीनच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला येऊ लागली. जाताना जो तो दबक्या आवाजात म्हणायचा, "नाथाजीतात्यांना सांगू नगं गड्या."

आज संपाचे पुढारी नाथाजीतात्या स्वतःच आले. मतीननं मागचा पांढरा पडदा सोडला, कंगवा पुढं केला.

"माझा न्हाई काढायचा," तात्या म्हणाले. "त्यो पैल्या दिवसाचा सगळ्यांचा फोटू लय मोठा करून दे. मंडपात लावतो."

"आवं तात्या, आता कशाला?"

"एकट्याला बसवत न्हाई रं."