अकरालाच भरलेली टाकी

विजेचा काही नेम नसायचा, म्हणून ग्रामपंचायतीचे पाणीवाले महिपत शेलार पंधरा वर्षं दिवसभर पंपघरातच बसून असत. टाकी भरली नाही की अख्खं गाव त्यांनाच बोलायचं.

यंदा पंचायतीने विहिरीशेजारी सौर पॅनेल बसवली. महिपत सरपंचबाईंना म्हणाले, "आता माझी गरज संपली असेल."

"मग गावाला पाणी कोण सोडणार, अण्णा? आपण फक्त विजेची वाट बघणं सोडलंय, तुम्हाला नाही."

दुसऱ्या दिवशी अकरालाच टाकी भरली. महिपत घरी गेले, तेव्हा बायको त्यांचा डबा बांधत होती. ती घाबरलीच. "मोटर बिघडली का?"

"नाही गं, काम झालं," म्हणत ते चुलीजवळ टेकले.

तिने डबा बाजूला सारला आणि नवी भाकरी थापायला घेतली.