अनुभवी मुलगे हवेत

"पोहता येतं?"

"येतं ना, सर. आजोळ देवबागला. समुद्रातच वाढलो."

(खरं: तळेऱ्याला वाढला. नदीच्या डोहात पोहायला शिकला. कॉलेजसाठी जूनमध्ये मालवणात आला, तेव्हा पहिल्यांदा खारं पाणी नाकात गेलं.)

हरिश्चंद्र रावराणे मान हलवत राहिले. वैभववाडीतलं त्यांचं घर, बाहेरची खोली, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. पाऊस सरला की तारकर्लीला स्नॉर्केलिंगची होडी घालणार होते. पर्यटकांना मास्क लावून पाण्याखालचे मासे दाखवायला, शनिवार-रविवारी. समुद्राचं काम आणि मुलाखत घाटाच्या पायथ्याशी, याचं अनिशला नवल वाटलं होतं. पण नवल करत बसायची त्याची ऐपत नव्हती. हे काम नाही मिळालं तर कॉलेज बंद, आणि काकाच्या गॅरेजात पाने उचलायचे. आईने तसं तोंडावर सांगितलं होतं.

"याआधी कुठे होतास?"

"'जलपरी'वर, सर. गेल्या मे महिन्यात."

(खरं: 'जलपरी'वर बाबली होता. अनिशच्या खोलीत राहणारा बाबली.)

जाहिरात बाबलीनेच मोबाईलवर दाखवली होती.

"मगे तूच जा मरे," अनिश म्हणाला होता. "तुका सगळा येता."

"माका नको. पाण्याचो वीट इलो." मे महिन्यानंतर बाबली समुद्राकडे फिरकला नव्हता. मोबाईलच्या दुकानात बसून स्क्रीनगार्ड चिकटवायचा. "माझो अनुभव तुझो म्हणान सांग. हसतंस काय? तू नदयेतलो मासो, तुका असो कोण घेतलो? फक्त माझा नाव काढू नको. नायतर तेंका कळतला."

मग बाबलीने त्याला एकेक उत्तर पढवलं. चुकलं की टपली मारायचा.

"पूर्ण महिना काम केलंस?" रावराण्यांनी विचारलं.

"एक खाडा नाही, सर."

"शेवटच्या रविवारीसुद्धा?"

"तेव्हा तर ही गर्दी! पाण्यात मी एकटाच होतो. बाकीचे होडीवर."

(खरं: त्या रविवारी अनिश चुलतबहिणीच्या लग्नात भात वाढत होता.)

आतल्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा तांब्या.

"ही आमची मंडळी," रावराणे म्हणाले. "दे त्याला पाणी."

तिने दिलं. देताना ती अनिशच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. अनिशने नमस्कार केला. ती आत गेली नाही.

"गिऱ्हाईक व्हिडिओवर खूश असतं म्हणतात. तो कसा काढता?"

हे उत्तर अनिशचं सगळ्यात पक्कं होतं. तो खुर्चीत पुढे सरकला.

"लाइफ जॅकेट घातलं की माणूस वर तरंगतो, सर. खडकापर्यंत जातच नाही. मग व्हिडिओ कसला? म्हणून आम्ही जॅकेट काढायला लावतो. जरा वेळ. तेवढ्यात काम होतं."

"लोक तयार होतात?"

"आधी नाही म्हणतात. घाबरतात. कॉलेजची पोरं असली तर चिडवायचं. 'मघाशी एका आजीनं काढलं, तू काय रडतोस?' की मग निमूट काढतात."

रावराणे खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यावरून एस.टी. गेली.

"आणि हे काढायला कोण लावतं? होडीचा मालक?"

"छे! मालक किनाऱ्यावर. मीच, सर. सगळ्यांना जमत नाही ते."

(खरं: अनिशने आजवर कुणाच्या जॅकेटला हात लावला नव्हता.)

"शेवटच्या रविवारीही तूच?"

"मीच."

रावराण्यांनी डोळे मिटले, उघडले.

"बरीच पोरं येऊन गेली," ते म्हणाले. "कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. जाहिरात देऊन चुकलो की काय, असं वाटायला लागलं होतं."

"म्हणजे काम..."

"बस. तूच हवा होतास."

अनिशला हसू आवरेना. गॅरेज गेलं, काका गेला, आईची कटकट गेली. घरी फोन कधी लावतो असं त्याला झालं. तो पाया पडायला वाकला. रावराण्यांनी त्याचं मनगट धरलं. घट्ट. धरलं ते सोडलंच नाही.

इतका वेळ ऑफिसातल्यासारखं बोलणारा तो माणूस बायकोकडे वळला.

"कडी लाय गो, सुगंधा. आपल्या जितूचा जाकीट काढून तेका बुडयल्यान, तो गावलो."