अनुभवाचा रकाना

नोकरीच्या फॉर्मवर ‘मार्केटिंग’ हा शब्द दिसला मात्र, बापाने लेकीचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. “नर्सिंगला जा म्हटलं, तर हिला दारोदार थापा मारत फिरायचंय! चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही, तू कुणाला काय विकणार गं?” आई मध्ये पडली, तर तिच्या पाठीवर पट्ट्याचे फटके बसले. त्याने दार दाणकन लोटलं, लेकीचं मनगट फटीत सापडून मोडलं, तेव्हा कुठे त्याचा राग निवला.

“पुन्हा काय झालं?” प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारलं.

“जिन्यावरून पडली,” आई म्हणाली. “वेंधळी आहे अगदी.”

“जपून उतरत जा गं,” डॉक्टर हसले. शाळेतल्या बाईही दरवेळी हेच म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी ती हात गळ्यात अडकवून मुलाखतीला गेली. मॅनेजरबाईंची नजर प्लास्टरवर जाताच तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “जिन्यावरून पडले.”

बाई चुकचुकल्या आणि त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. “अनुभवाचा रकाना कोराच आहे. चांगला माल काय, कुणीही विकतं. जे मुळात नाहीच, ते लोकांच्या गळी उतरवलंय का कधी?”



“तेरा वर्षं तेच करतेय, मॅडम. आमच्या घराला जिनाच नाही.”