रस्त्याच्या अलीकडे

भोंग्याला शेवटचं बघायला विद्युतदाहिनीच्या हॉलमध्ये माणसं येत होती, आणि दारातून नवीन माणूस आत शिरला की भोंग्याची बायको त्याच्या हातात फलक तर नाही ना, ते बघत होती. कारण ज्यांच्या घरच्या मयताला भोंग्यानं तमाशा केला होता, सगळी तीच माणसं होती.

पुढच्या रांगेत डॉक्टरीणबाई. त्यांच्या नवऱ्याला नेत होते तेव्हा भोंग्यानं रस्त्यापलीकडून कर्ण्यावर गर्जना केली होती, "बरं झालं, एक लुटारू कमी झाला!" त्यांच्या मागे म्हातारे मास्तर. मास्तरांची मुलगी गेली तेव्हा ती कुणाबरोबर राहत होती, हे भोंग्यानं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं. मेल्यानं माणूस चांगला होत नाही आणि बोलायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, हे त्याचं तत्त्व. कोर्टानंही मान्य केलेलं. रस्त्याच्या पलीकडून काय वाटेल ते बोला, म्हणाले.

त्याच्याबरोबर फलक घेऊन फिरणारी त्याची स्वतःची माणसं आजही पलीकडेच उभी राहिली होती. सवयीनं. बायको जाऊन त्यांना आत घेऊन आली, तर फलकाशिवाय हात कुठं ठेवायचे हेच कुणाला कळेना.

"वहिनी, काहीतरी शिजतंय," गॅरेजवाला तिच्या कानाशी लागला. "एवढी माणसं, आणि चिडीचूप? मयताला असं कुणी बसतं का?"

"तुम्ही कधी बसलात मयताला, भावोजी?"

"तेच म्हणतोय. ठरवून आलेत. आत न्यायच्या ऐन वेळी सुरू होतील बघा. त्यापेक्षा आपणच आधी सुरू करू."

"कुणाविरुद्ध?"

गॅरेजवाल्यानं हॉलभर नजर फिरवली.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. भोंग्याची सगळी माणसं ताडकन उठली आणि ओशाळून परत बसली. मास्तरांचा हात खिशात गेला. खिशातून रुमाल निघाला. मास्तरांनी चष्मा पुसला, रुमालाची नीट घडी घातली, पुन्हा खिशात ठेवली.

भोंग्याबद्दल काय काय बोलता येईल, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बोललीही असती. पण आज नको. आजचा दिवस तरी त्याला कुणी काही बोलू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि हे कुठल्या तोंडानं मागायचं ते कळत नव्हतं.

शेवटी तिचा धीर सुटला. ती उठली आणि थेट मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"मास्तर, काय बोलायचंय ते एकदाचं बोलून टाका. असा जीव टांगणीला लावू नका. तुमचा हक्कच आहे, आमचे हेच म्हणायचे ना."

मास्तरांनी वर बघितलं.

"बोलायला नाही आलो, बाई."

"मग?"

"गप्प बसायला आलोय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मुलीच्या वेळी ते राहून गेलं."

मागे गॅरेजवाल्यानं घसा खाकरला. भोंग्याची बायको वळली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.