नऊ वेळा खोडलेला पूल

सिनेटर बर्डिकनी राज्याच्या अर्थसंकल्पात आमच्या बेटासाठी पूल घालायचा आणि गव्हर्नरनी नकाराधिकार वापरून तेवढंच कलम खोडायचं, असं सलग नऊ वर्षं चाललं होतं. मग बर्डिक फेरीबोटीच्या धक्क्यावर येऊन गव्हर्नरच्या नावानं कडाडायचे, आणि आम्ही टाळ्या पिटून त्यांनाच मत द्यायचो. आजही ते भाषण खिशात घालूनच आले होते.

तेवढ्यात त्यांची मदतनीस लोरेटा फोन नाचवत धावत आली. "गव्हर्नरची सही झाली! या वेळी पूल खोडलाच नाही!"

धक्क्यावर एकच जल्लोष झाला. म्हाताऱ्या वेंडेलनं तर टोपी समुद्रात भिरकावली.

"जिंकलात की हो, साहेब!" मी ओरडले.

बर्डिकचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नीट बघ गं. खोडला असेल."

"तीनदा बघितलं, साहेब!"

"अगं, पण तो दर वर्षी खोडतो ना!"

फेरीबोटीच्या कप्तानाला त्या गोंधळात कशाचंच भान राहिलं नव्हतं. कठड्यावरून वाकून त्यानं बर्डिकना हाक मारली, "मालक, मग आपली ती नवी बोट आता घ्यायची नाही ना?"