सुनेला रडवणारा बटाटा

पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी खाऊन, वाळवंट ओलांडून पाहुणे डोंगरातल्या सातुर्निनाच्या खानावळीत पोचले. अंगणातल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांखाली मांस आणि कणसं शिजत होती. तोवर सातुर्निनाने त्यांच्यासमोर गाठीगाठींचा एक बटाटा ठेवला.

"याचं नावच सुनेला रडवणारा बटाटा. नव्या नवरीने हा सगळ्यांसमोर सोलायचा. सालाबरोबर गर गेला, की नापास."

कोपऱ्यात एक म्हातारी थरथरत्या हातांनी तसलाच बटाटा सोलत बसली होती. पाहुण्यांनी तिचे फोटो काढले.

"तुम्ही पास झालात?" एका बाईने सातुर्निनाला विचारलं.

"कसली! सासूने माझा बटाटा उंच धरून अख्ख्या गावाला दाखवला. म्हणाली, 'हिच्यापेक्षा आमचा ओझी वाहणारा लामा बरा सोलेल.' सगळे हसले. मग पंगत बसली, माझ्याच लग्नाची. मला म्हणाली, 'नीट सोल, मग जेव.'"

"मग?"

"लोक जेवून घरी गेले, तरी मी सोलतच होते."

पाहुणे हळहळले. तेवढ्यात खड्डा उघडला आणि सगळे ताटांकडे वळले. म्हातारीही भिंतीला धरून उठू लागली. सातुर्निनाने तिच्या हातातला बटाटा घेतला, उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि टोपलीतला दुसरा तिच्या पुढ्यात ठेवला.

"बसा, सासूबाई. नीट सोला, मग जेवा."